तीस जूनची पावती आणि साठीनंतरचा हिशोब

मंडळी, ३० जून जवळ आलाय. पगारदार माणसाला या तारखेचं काही वाटत नाही. त्याचा व्यवसाय कर दर महिन्याला पगारातूनच कापला जातो, २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००. पण डहाणू स्टेशनजवळचा मोबाईल रिपेअरवाला, तलासरी नाक्यावरचा हार्डवेअरवाला, कासा बाजारातला कापडवाला, चिंचणीचा डायमेकर, क्लास घेणारे सर, वकील, डॉक्टर, या सगळ्यांनी वर्षाचा व्यवसाय कर ३० जूनच्या आत स्वतः भरायचा असतो. पीटीईसी म्हणतात त्याला. बऱ्याच जणांना तो अकाउंटंटचा फोन आल्यावर आठवतो, नाहीतर बँकेत कर्जाची फाईल अडकली की.

दरवर्षी या दिवसांत मला इनबॉक्समध्ये आणि चहाच्या टपरीवर एकच प्रश्न येतो. "भाऊ, हे अडीच हजार कशाचे? आणि भरून आपल्याला मिळतं काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे. दुसऱ्याचं तितकंसं नाही. आज दोन्ही लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्यानं सवडीनं वाचावी.

आधी पहिला प्रश्न. १९७२ चा दुष्काळ आपल्या आईवडिलांच्या पिढीनं पाहिलाय. त्याच्या थोडं आधी, १९६५ च्या सुमारास, वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरला एक प्रयोग केला होता. काम मागेल त्याला काम. तोच पुढे रोजगार हमी योजना म्हणून महाराष्ट्रभर गेला. दुष्काळात लाखो माणसं बंडिंगच्या आणि रस्त्याच्या कामावर गेली, त्यांच्या घरात चूल पेटली ती याच मजुरीवर. पण योजना चालवायला पैसा लागतो. म्हणून १९७५ साली महाराष्ट्रानं व्यवसाय कराचा कायदा केला. शहरात, बाजारात, ऑफिसात ज्याला कमाई आहे त्यानं थोडे पैसे द्यायचे, आणि त्यातून गावातल्या हाताला काम द्यायचं. पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात यासाठी वेगळा निधी केला गेला. व्यवसाय कराची रक्कम त्या निधीत जायची आणि सरकारनं तेवढीच भर आपल्याकडून घालायची, अशी रचना होती. २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला. देशाच्या रोजगार हमीचा कायदा यायला त्यानंतर सव्वीस वर्षं लागली, २००५ साल उजाडलं.

डहाणू-तलासरीत राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पावसाळा संपला, भात झोडून झालं की इथला निम्मा पाडा वसई-भिवंडीकडे, गुजरातेत वीटभट्टीवर, बोटीवर जातो. गावातच काम निघालं तर पोरं शाळेत राहतात. आणि मजुरीचा पैसा कुठे जातो? आठवडे बाजारातच येतो. तेल, मीठ, सुकट, चपला, पोराचा गणवेश. म्हणजे कासा किंवा तलासरीच्या दुकानदारानं भरलेला कर फिरून त्याच्याच गल्ल्यात यावा, असं हे गणित होतं. कर कशासाठी घेतोय हे आधी सांगून घेतलेला कर आपल्याकडे फार विरळा. म्हणून म्हटलं, उत्तर चांगलं आहे.

आता त्या करातली मेख. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात व्यवसाय कराला मर्यादा घातलेली आहे. ती आधी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीनं २,५०० झाली आणि आजपर्यंत तिथेच आहे. खालच्या काही प्रवर्गांना दर कमी आहेत, पण वरचं टोक सगळ्यांना सारखं. त्यामुळे मुंबईत एका ऑपरेशनचे लाख घेणारा सर्जन वर्षाला २,५०० भरतो आणि आपल्याकडचा हार्डवेअरवालाही फार तर २,५०० च. सर्जनला ते एका जेवणाचं बिल. आपल्या माणसाला ते दुकानाचं वीजबिल.

आणखी एक. २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या नोकरदार महिलांना व्यवसाय कर माफ झाला. चांगलं झालं. पण ही सवलत पगारदारांच्या रकान्यात आहे. स्वतःचं पार्लर किंवा शिवणकामाचं दुकान चालवणारी बाई महिन्याला पंधरा हजार कमावत असली तरी त्या रकान्यात बसत नाही. तिची कमाई पगार नाही ना!

व्यवसाय कर हा झाला लहान खर्च. खरा हिशोब जीएसटीचा. नियम थोडक्यात सांगतो. नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्याला, आणि खानावळवाल्यालाही, ही मर्यादा २० लाख. त्याच्या वर गेलात आणि दीड कोटीच्या आत असाल तर व्यापाऱ्याला कंपोझिशन घेता येतं. उलाढालीवर एक टक्का, खानावळीला पाच टक्के. हिशोब सोपा, पण हा टक्का गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. बिलावर तसं लिहावं लागतं. म्हणजे तो जातो आपल्याच नफ्यातून.

हायवेवरच्या एका खानावळीचा आकडा मांडू. रोज साठ थाळ्या, थाळी शंभर रुपये. झाले दिवसाचे सहा हजार. वर्षातून ३३० दिवस चालली तर १९ लाख ८० हजार. मर्यादेला टेकलीच. उद्या भाज्यांचे भाव वाढले म्हणून थाळी १२० केली, की उलाढाल पावणेचोवीस लाखांवर. थाळ्या तेवढ्याच, भांडी घासणारी बाई तीच, हातात उरणारा पैसा जवळपास तेवढाच, पण खानावळ आता जीएसटीत आली. कंपोझिशन घेतलं तर वर्षाला लाखाच्या वर कर. उलाढाल म्हणजे कमाई नव्हे, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला कळतं. मर्यादेला कळत नाही.

आणि आपल्या भागाचं वेगळंच दुखणं आहे, ते पुण्या-नाशिकच्या लोकांना चटकन कळायचं नाही. आपण सीमेवर राहतो. अच्छाड ओलांडलं की गुजरात. झाईच्या पुढे उंबरगाव. संजाण, भिलाड, वापी हा आपला रोजचा बाजार आहे. नातीगोती तिकडे, गिऱ्हाईक तिकडे. पण जीएसटी कायद्यात दुसऱ्या राज्यात माल पुरवला की ४० लाखांची सूट संपते. पहिल्या रुपयापासून नोंदणी. आणि कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल पाठवायची परवानगीच नाही.

याचा अर्थ असा. तलासरीचा एक फर्निचरवाला आहे, हाताखाली एक पोरगा, वर्षाची उलाढाल सात-आठ लाख. त्यानं टेम्पोत कपाट घालून नागपूरला पाठवलं, साडेआठशे किलोमीटर, तर काही प्रश्न नाही. तेच कपाट संजाणला पाठवलं, जिथे तो चहा प्यायला जातो, तर नियमानं आधी जीएसटी क्रमांक हवा, नेहमीच्या पद्धतीनं रिटर्न हवीत, म्हणजे अकाउंटंटचं महिन्याचं बिल हवं. मग होतं काय? एकतर तो ऑर्डर सोडतो, नाहीतर बिलच करत नाही. कायदा मोडायची हौस कुणाला नसते. पण आठ लाखांच्या धंद्याला ऐंशी लाखांच्या धंद्याचे कागद कसे परवडणार? हस्तकलेच्या वस्तूंना यात सूट आहे, २० लाखांपर्यंत. सेवा देणाऱ्यांनाही तेवढीच आहे. त्यामुळे हातानं काढलेलं वारली चित्र परराज्यात विकणाऱ्या आपल्या कलाकारांनी घाबरायचं कारण नाही, हे मुद्दाम सांगतो. कपाटवाल्याला मात्र ही सूट नाही.

आयकराचं म्हणाल तर तिथे भीती जास्त आणि कर कमी आहे. दोन कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला अंदाजी नफ्यावर रिटर्न भरता येतं. रोख आलेल्या रकमेवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरायचा. खतावण्या, ऑडिट, काही नको. ४५ लाख उलाढालीवर हा नफा तीन-साडेतीन लाख धरला जातो आणि नव्या पद्धतीत सध्या १२ लाखांपर्यंत कर लागत नाही. म्हणजे आयकर शून्य. तरीही २०२५ च्या जुलैत बंगळुरूत यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तिथे लोकांनी क्यूआर कोडचे स्टिकर काढले, आणि चार दिवसांत त्याची चर्चा आपल्या स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीपर्यंत आली. "भाऊ, स्कॅनर ठेवू की काढू?" ठेवा. स्कॅनरनं कर वाढत नाही, उलट नफा कमी टक्क्यांनी धरला जातो. फक्त वर्षाचा आकडा २० लाख, ४० लाखांच्या जवळ जातोय का, याकडे लक्ष ठेवा.

आता सगळी बेरीज करू. ४५ लाख उलाढालीचा किराणावाला घ्या. कंपोझिशनचे ४५,००० रुपये. व्यवसाय कर २,५००. नगरपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी, वजनकाट्याचा शिक्का. साधारण पन्नास हजारांच्या घरात पैसे वर्षाला वेगवेगळ्या नावांनी सरकारजमा होतात. वीस वर्षं हेच चाललं तर दहा लाख. या दहा लाखांपैकी त्याच्या म्हातारपणाच्या नावानं जमा किती? शून्य.

बाजूच्याच कंपनीत पंधरा हजारांवर कामाला असलेल्या माणसाचं पाहा. त्याच्या पगारातून १२ टक्के भविष्य निर्वाह निधी जातो आणि मालक तेवढेच घालतो. आजारपणासाठी ईएसआय, त्यात कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन. ही व्यवस्थाही काही सुखाची नाही. त्यातल्या किमान पेन्शनचा आकडा २०१४ पासून महिना १,००० रुपयांवरच आहे. पण निदान त्याच्या नावाचं खातं आहे, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे. स्वतःच्या धंद्याचा मालक आणि कामगार दोन्ही आपणच. दुसरा हात कुठून आणायचा?

"सरकारनं योजना काढल्यात की!" असं कुणी म्हणेल. काढल्यात. एकेक पाहू.

सप्टेंबर २०१९ मध्ये खास आपल्यासारख्यांसाठीच पेन्शन योजना आली, प्रधानमंत्री लघु व्यापारी मानधन योजना. दीड कोटीपर्यंत उलाढालीच्या व्यापाऱ्यांना. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालणार, आणि साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. त्याच वर्षी फेब्रुवारीत असंघटित कामगारांसाठी अशीच श्रमयोगी मानधन योजना आली होती. कल्पना उत्तम आहे. दुसरा हात सापडला. पण दोन अटी. वय १८ ते ४०, आणि आयकर भरणारा नको. अटल पेन्शनलाही वयाची अट चाळीसच, आणि ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला तिथेही प्रवेश नाही.

बाजारात फिरून पाहा. स्वतःच्या नावावर धंदा टाकणारा माणूस किती वर्षांचा असतो? आपल्याकडे कंपनी बंद पडते, ठेकेदार बदलतो, मग पस्तीस-चाळिशीत माणूस गाळा घेतो. नवरा गेल्यावर बाई खानावळ सुरू करते ती पंचेचाळिशीत. ज्या वयात धंदा सुरू होतो त्याच वयात पेन्शनचं दार बंद होतं. आणि ज्याच्यासाठी ते उघडं आहे त्या वीस वर्षांच्या पोराला सांगायचं, बाळा, चाळीस वर्षं पैसे भर, मग तुला ३,००० मिळतील. चाळीस वर्षांनी तीन हजारांत काय येईल ते त्याला बरोबर कळतं. हा आकडा महागाईप्रमाणे वाढत नाही.

मग अगदी शेवटचं टोक. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार, महिना १,५०० रुपये. पण त्याला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत दाखवावं लागतं. महिन्याला १,७५० रुपये. ज्याचं टपरीएवढं दुकान आहे त्याला हा दाखला कोण देणार, आणि का द्यावा? तो निराधार नाही. पण आधार आहे असंही म्हणता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये आपला सगळा बाजार उभा आहे.

चिंचणी-वाणगाव पट्ट्यातले डायमेकर याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. बाहेरच्यांसाठी सांगतो. सोन्याचांदीच्या दागिन्यांवरची नक्षी ज्या साच्यावर उठते, तो पोलादी साचा म्हणजे डाय. आपल्याकडे घराघरात, ओटीवर किंवा माळ्यावर, छिन्नी-हातोडीनं हा साचा कोरतात. नखाएवढ्या जागेत पाकळ्या, वेली, मोर. झवेरी बाजारापर्यंत इथला माल जातो. दागिना मिरवणाऱ्या बाईला या माणसाचं नाव माहीत नसतं, आणि कायद्यालाही तो नीट माहीत नाही. कारखाना नाही म्हणून कामगार नाही. सराफाकडून नगावर पैसे, म्हणून पगार नाही. पंचावन्न ओलांडली की डोळे दगा देतात. त्यात आता संगणकावर नक्षी काढून मशीनवर डाय कापतात.

अशाच एका काकांना मी विचारलं, पुढचं काय? वय अठ्ठावन्न. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "पोरगा बोईसरला कंपनीत आहे. त्याला पीएफ आहे." स्वतःबद्दल एवढंच. आयुष्यभर दुसऱ्याच्या सोन्याला आकार दिला आणि म्हातारपणाची तरतूद काय, तर पोराचा पीएफ.

आमच्या धंद्याचंही वेगळं नाही. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. डिप्लोमा करून बातमीदारीत आलो. तालुक्याचा बातमीदार पेपरचा नोकर नसतो, बहुतेक ठिकाणी तो कागदावर स्वतंत्र व्यावसायिक असतो. मानधन बातमीवर आणि जाहिरातीच्या कमिशनवर. मानधनातून टीडीएस वेळेवर कापला जातो, तो कापणाऱ्यानं बाकीचं काही कापलं नाही आणि घातलंही नाही. चाळिशी ओलांडल्यामुळे वरच्या तिन्ही योजना मलाही बंद. इथं बातम्या लिहिणारा आणि बातमीतला वडापाववाला एकाच रांगेत उभे आहेत, एवढंच सांगायचंय.

"ज्याला मालक नाही त्याला पीएफ कसा देणार?" हा प्रश्न एका अधिकाऱ्यांनी मला विचारला होता. त्याचं उत्तर महाराष्ट्रानंच १९६९ साली दिलंय. माथाडी कायदा. मार्केटमधल्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर कायदा झाला, मंडळं झाली. जो व्यापारी काम करून घेईल त्यानं मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि त्यातून हमालाचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. म्हणजे एक मालक नसतानाही दुसरा हात शोधता येतो. शोधायची इच्छा लागते.

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते आमच्या धंद्याचं आहे. जर्मनीत १९८३ पासून स्वतंत्र कलाकार आणि पत्रकारांसाठी वेगळा सामाजिक विमा आहे. निम्मा हप्ता तो माणूस भरतो, उरलेल्यातला काही भाग सरकार आणि काही भाग त्याचं काम विकत घेणाऱ्या कंपन्या. हे वाचलं तेव्हा मला चिंचणीचा डायमेकर आठवला. त्याचा साचा विकत घेणारे सराफ आहेतच की. प्रत्येक साच्यामागे अर्धा टक्का त्याच्या खात्यात पडला तर सोन्याच्या भावात कुणाला कळणारही नाही.

आपल्याकडे कागदावर सुरुवात झालीय, तेही सांगितलं पाहिजे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. असंघटित कामगार म्हणजे कोण, त्याच्या व्याख्येत स्वयंरोजगार करणाराही येतो. त्याच्यासाठी विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यांच्या योजना केंद्रानं आखाव्यात, भविष्य निर्वाह निधीसारख्या योजना राज्यानं आखाव्यात, असं त्यात म्हटलंय. पण किती रुपये, कुणी किती घालायचे, कोणत्या वयापर्यंत, हे पुढच्या योजनांवर सोडलंय. म्हणजे आत्ताच बोलायची वेळ आहे. योजना ठरून गेल्यावर बोलून काय उपयोग?

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत मांडतो. १९७५ साली व्यवसाय कर ज्या मनानं लावला, त्याच मनानं त्याचा एक हिस्सा आता भरणाऱ्याच्या म्हातारपणासाठी राखून ठेवा.

यात फार काही नवं लागत नाही. कर भरणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आहे. भरणा ऑनलाईन होतो. कोणी किती वर्षं भरला याची नोंद सरकारकडे तयार आहे. त्या २,५०० पैकी समजा ५०० भरणाऱ्याच्या पेन्शन खात्यात टाकले, तेवढेच सरकारनं घातले, आणि ज्याला जमेल त्याला वरून जास्त भरायची मुभा दिली, तर निदान खातं तरी उघडेल. दोन अटी मात्र काढाव्या लागतील. एक, चाळिशीची. पंचेचाळिशीत सुरू करणाऱ्याला पेन्शन कमी मिळेल, चालेल, पण दार बंद नको. दोन, रोजगार हमीच्या वाट्याला हात लावून हे करायचं नाही. मजुराच्या ताटातून काढून दुकानदाराला वाढायचं आणि दोघांना भांडत ठेवायचं, हे तलासरीत तरी परवडणार नाही. दुकानदाराचं गिऱ्हाईक तोच मजूर आहे. वरच्या टोकाला लाखांनी कमावणाऱ्याला २,५०० वरच थांबवणारी मर्यादा घटनेत बदलायचा विषयही त्याच वेळी निघायला हवा. १९८८ चे २,५०० म्हणजे आजचे किती, हे सोनाराला विचारा.

एक गोष्ट मला यात सगळ्यात जास्त टोचते. व्यवसाय कर ६५ वर्षांनंतर माफ होतो. वाचायला चांगली सवलत वाटते. पण जरा थांबून पाहा. याचा अर्थ असा की कायद्यानं धरूनच ठेवलंय, ६५ पर्यंत हा माणूस दुकान उघडत राहणार. नोकरदाराला अठ्ठावन्न-साठीला निवृत्त करतात, निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ देतात. गल्ल्यावरच्या माणसाला निवृत्तीचं वयच नाही. तो दुकान बंद करतो ते एकतर आजारपणात, नाहीतर कायमचं.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातात आहे ते सांगतो, कारण अनेकांना माहीत नाही.

वय चाळीसच्या आत असेल तर मानधन योजनेसाठी आधार आणि बँक पासबुक घेऊन सीएससी केंद्रात जा, आणि अटल पेन्शनसाठी बँकेत किंवा पोस्टात. घरातल्या पोरांचं, सुनेचं आधी करा. रिटर्न भरलं म्हणजे पेन्शन जाईल, अशी भीती अनेकांना आहे. आयकर देणं लागत असेल तर अडचण. कर शून्य असताना नुसतं रिटर्न भरल्यानं तुम्ही करदाते ठरत नाही. उलट तीन वर्षांची रिटर्न नसतील तर बँक कर्जाला उभं करत नाही.

चाळीस उलटली असेल तर पीपीएफ आणि एनपीएस खुलं आहे. त्यात सरकारची भर नाही, पण खातं आपलं राहतं. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा ७० वर्षांपर्यंत मिळतो, ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा ५० पर्यंत सुरू करता येतो. बँकेत एक फॉर्म. आपल्या हायवेवर आणि रेल्वे फाटकावर रोज जाणाऱ्यानं पहिला तरी घ्यावाच.

आरोग्य विमा परवडत असेल तर या वर्षी पुन्हा चौकशी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. इतकी वर्षं आपण आपल्याच आजारपणाची तरतूद करत होतो आणि त्यावरही कर देत होतो. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची राहिलेली नाही. २०२३ च्या निर्णयानं ती सगळ्या रेशनकार्डधारकांना, पाच लाखांपर्यंत लागू झाली. पांढरं कार्ड आहे म्हणून रुग्णालयातून माघारी फिरू नका, आरोग्यमित्राला विचारा.

आणि ३० जूनच्या आत पीटी भरा. उशीर झाला तर दरमहा सव्वा टक्का व्याज लागतं. नोंदणीच केली नसेल तर ती आता करा, मागची वर्षं जोडून येतात तेव्हा जास्त जड जातं. पावती जपून ठेवा. उद्या खरंच कधी कुणी विचारलं की या माणसानं राज्याला काय दिलं, तर दाखवायला आपल्याकडे तेवढाच कागद आहे.

व्यापारी संघटना, डायमेकर मंडळी, रिक्षा-टेम्पोवाले, पार्लरवाल्या ताई, टपरीवाले, क्लासवाले, आपण कधी एका विषयावर एकत्र बसलेलो नाही. या एका विषयावर बसू शकतो. सामाजिक सुरक्षा संहितेखालच्या योजनांमध्ये चाळिशीची अट नको, आणि व्यवसाय करातला वाटा भरणाऱ्याच्या नावानं जमा व्हावा, एवढ्या दोन मागण्यांचं साधं निवेदन. आमदार-खासदार कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न इथे नाही. डहाणू आणि तलासरी दोन्हीकडे एकेक बैठक घेऊ. जागा आणि वेळ खाली कॉमेंटमध्ये सुचवा. येताना आपलं वय आणि किती वर्षं धंदा करताय, एवढं एका कागदावर लिहून आणा. आपण नेमके किती जण या मधल्या पट्ट्यात आहोत, ते आधी आपलं आपल्यालाच मोजू द्या.